प्रॉमिनन्स रिकामे का होत नाही?

प्रश्न : ६० मिमीच्या हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाशच दाखवणाऱ्या) दुर्बिणीतून सूर्याच्या कडेवरचे प्रॉमिनन्स (पृष्ठभागावर तरंगणारा वायूचा ढग) तासभर जागच्या जागी दिसते. टाइमलॅप्समध्ये मात्र आतले धागे सारखे खाली उतरत असतात. मग ते ओसरत का नाही? आणि मध्येच एखादा तुकडा नाहीसा कसा होतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ओसरते, पण भरही पडत राहते. भोवतालचा करोना (सूर्याचे बाहेरचे वातावरण) दहा लाख अंशांच्या वर तापलेला, तर प्रॉमिनन्सचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) जेमतेम आठ हजार अंशांचा आणि सुमारे शंभरपट दाट. करोनातला वायू थंड होऊन त्यात साचतो. शिवाय तळातून विरळ, काळपट फुगे सेकंदाला २० किमीच्या आसपास वेगाने वर घुसतात. जड थराखाली हलका थर अडकला की असे होणारच. जपानच्या हिनोदे उपग्रहाने २००६ नंतर हे फुगे स्पष्ट टिपले.

उतरणाऱ्या धाग्यांचा वेग सेकंदाला साधारण १० किमी. आधार नसता तर २०,००० किमी खाली येईपर्यंत तो शंभरावर गेला असता. हा आधार चुंबकीय बलरेषांचा. प्लाझ्मा त्यांच्या झोळीत तोललेला असतो.

तुकडा नाहीसा होतो तो बहुतेकदा फिल्टरमुळे. प्लाझ्मा आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर सेकंदाला ५० किमीने निघाला, की त्याच्या लाल प्रकाशाची रेषा (तरंगलांबी) १.१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) सरकते. तुमचा फिल्टर फक्त ०.७ अँगस्ट्रॉम रुंदीचा पट्टा सोडणारा असेल, तर तो प्रकाश बाहेरच राहतो. ट्यूनर (फिल्टरचा पट्टा सरकवणारी कळ) हळूहळू दोन्हीकडे फिरवून बघा. तुकडा पुन्हा उजळला तर तो विरलेला नाही, धावतो आहे. कडेवरून सरळ खाली पडणाऱ्या धाग्यांना हे लागू नाही, कारण ती हालचाल आपल्या दृष्टिरेषेला आडवी असते.

चित्रणाचे म्हणाल, तर ६० मिमीला सूर्यावरचे सुमारे २,००० किमी वेगळे ओळखता येतात. १० किमी वेगाच्या धाग्याला तेवढे सरकायला २०० सेकंद लागतात. म्हणून दर ३० सेकंदांनी एक चित्रफीत पुरे. दर पाच सेकंदांनी घेतल्यास फक्त संगणकाची डिस्क भरते. प्रत्येक फीत १५-२० सेकंदांचीच ठेवा. तीन-तीन मिनिटांच्या फिती स्टॅक केल्या (त्यांतली चित्रे एकावर एक रचून एक केली) की धागे फरफटतात, आणि दोष फोकसला दिला जातो. एक्स्पोजर प्रॉमिनन्ससाठी ठरवा, सूर्याची तबकडी पांढरीफटक पडू दे. माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार) विषुववृत्तीय, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा हवा. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या अल्ट-अझिमथवर तासाभरात चौकट फिरते आणि सगळे प्रॉमिनन्सच कलल्याचा भास होतो.