आजीची गंमत, आहे तशी: वाचकांचे प्रश्न

आजीच्या आठवणी कशा जपाव्यात, हा विषय गेल्या अंकात दिला होता. आलेल्या बहुतेक पत्रांतली आजी हसवणारी, खोड्या काढणारी, नातवंडांना सामील होणारी आहे. अशा माणसाचं पुसट होतं ते नेमकं बोलणं आणि बोलण्याची लकब. तारखा नंतरही सापडतात. म्हणून या वेळी आवाज आणि शब्द यांबद्दलचे प्रश्न आधी घेतले आहेत.

आजीच्या आठवणींच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटं बोलायचं आहे. आजी भलती खोडकर होती. पण लिहायला बसले की ‘प्रेमळ, हसतमुख, मनमिळाऊ’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. आणि अशा प्रसंगी लोकांना हसवलेलं बरं दिसतं का? (थोरली नात)

बरं दिसतं. हसरी आजी गंभीर चेहऱ्याने सांगितली, तर ऐकणाऱ्यांना ती दुसरीच कुणीतरी वाटते.

आधी हिशेब. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांत ५०० ते ६००. त्यातून हशा आणि दाटलेला गळा यांचा वेळ वजा करा आणि ४५० शब्दांवर थांबा. एवढ्यात तीन प्रसंग नीट बसतात. चौथा घातला की तिन्ही घाईत उरकावे लागतात.

मग प्रत्येक विशेषणाला ‘कशावरून?’ असं विचारा आणि जे उत्तर येईल ते लिहून विशेषण खोडा. ‘आजी खोडकर होती’ हे कुणाच्याही आजीला लागू पडतं. ‘पत्त्यांत हरायला लागली की आजीला हटकून दाराची कडी वाजल्याचा भास व्हायचा आणि आम्ही बघून येईतो हुकमाचा एक्का तिच्या हातात आलेला असायचा’, ही मात्र एकच आजी.

किस्सा सांगताना प्रसंग दोन वाक्यांत उभा करा, मग तिचं वाक्य तिच्याच शब्दांत म्हणा आणि गप्प बसा. नेमकं इथेच बिघडतं. ‘म्हणजे तिला म्हणायचं होतं की...’ अशी शेपटी जोडली की हशा जागीच मरतो. दुसरी चूक म्हणजे तिची बोली सुधारून प्रमाण भाषेत आणणं. ती ‘आन्’ म्हणायची तर ‘आणि’ करू नका, गंमत बरेचदा त्या उच्चारातच असते. हशा पिकला की दोन श्वास थांबा, नाहीतर पुढचं वाक्य कुणाला ऐकूच जात नाही.

समोर बसलेल्या कुणाची फजिती होणारा किस्सा त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय नको. ज्याची पार्श्वभूमी सांगायलाच मिनिट जातं, तोही नको. सगळ्यांत मोठा विनोद दुसऱ्या क्रमांकाला ठेवा. पहिल्याला लोक अजून बिचकलेले असतात आणि शेवटी ते हसायच्या मनःस्थितीत असतीलच असं नाही.

मजकूर १६ पॉइंटमध्ये, दीड ओळीचं अंतर ठेवून, कागदाच्या एकाच बाजूला छापा. वाक्य पान उलटताना तुटू देऊ नका. घरी तीनदा मोठ्याने वाचा. आवाज कुठे फुटतो ते तेव्हाच कळतं, आणि ती जागा बहुधा दुःखाच्या वाक्यात नसते, चष्म्याच्या डबीसारख्या एखाद्या किरकोळ वस्तूपाशी असते. तिथली वाक्यं आखूड करा. एक प्रत पहिल्या रांगेतल्या कुणाकडे द्या. गळा दाटला तर पुढचं त्यांनी वाचावं.

कपाटात एक कॅसेट सापडली. वर आजीचं नाव आणि ‘गाणी व गप्पा’ असं लिहिलंय. टेपरेकॉर्डरही मिळाला. लावून बघू का? (नातू)

आज नको. सगळ्यात आधी कॅसेटच्या फीत न दिसणाऱ्या कडेला, दोन टोकांना, दोन छोट्या प्लास्टिकच्या पाकळ्या असतात त्या तोडा. त्या शाबूत असतील आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर आजीच्या आवाजावर तुमचा आवाज चढेल.

आता उजेडात धरून आतली फीत बघा. पांढरी भुकटी किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवली तर बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर उतरते. अशी कॅसेट जाणकारालाच द्या. फीत उघडी असते त्या कडेला मधोमध, पितळी पट्टीवर नमद्याची बारीक गादी असते. तिचा डिंक वाळून ती गळून पडते आणि मग फीत हेडला टेकत नाही, आवाज दबका येतो. अशा वेळी कवच बदलावं लागतं. पाच स्क्रूंचं कवच असेल तर हे काम घरी जमतं, चिकटवलेलं असेल तर अवघड.

टेपरेकॉर्डरचं हेड आणि फीत पुढे सरकवणारा धातूचा दांडा कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. रबरी चाकाला फक्त पाण्याने ओलसर केलेलं फडकं लावा, अल्कोहोलने रबर कालांतराने कडक होतं. मग एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून बघा. ती गुंतली नाही तरच आजीची लावा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात, म्हणून आधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. कॅसेटवर १२० असं लिहिलं असेल तर हे काम पेन्सिलीने, हाताने करा. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असते, तर ६० मिनिटांच्या कॅसेटची १८. पातळ फीत यंत्राच्या झटक्याने ताणली जाते.

आवाज उशीखालून आल्यासारखा वाटला तर हेड किंचित तिरकं असण्याची शक्यता आहे. हेडच्या बाजूला स्प्रिंग लावलेला स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा थोडा फिरवा, ‘स’ आणि ‘श’ सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करणारं, बटण कॅसेटवर तशी खूण नसेल तर बंद ठेवा.

नक्कल करताना टेपरेकॉर्डरमधून थेट तार काढून संगणकात घ्या. स्पीकरसमोर मोबाइल धरला की खोलीतला पंखाही आजीबरोबर गातो. संगणकातल्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. आवाज फाटला तर नंतर दुरुस्त होत नाही, हळू असला तर वाढवता येतो. फाइल वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. एका चॅनलला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण ५२० एमबी.

दोन्ही बाजू अखेरपर्यंत उतरवा, रिकाम्या वाटल्या तरी. गाणं संपल्यावर बटण बंद करायला कुणी विसरलेलं असतं आणि खरी आजी तिथेच ऐकू येते. खरखर काढायचा मोह होईल. तो दुसऱ्या प्रतीवर भागवा. खरखर काढणारी यंत्रणा श्वास आणि दबकं हसूही घेऊन जाते.

व्हॉट्सॲपवर आजीचे शंभरेक आवाजी निरोप आहेत. सगळ्यांना तारांकित केलंय. पुरे ना?

नाही. तारांकित करणं म्हणजे खूण ठेवणं, प्रत काढणं नव्हे. फोन बिघडला की खूण आणि निरोप दोन्ही जातात. एकेक निरोप शेअर करून व्हॉट्सॲपच्या बाहेर जतन करा. फाइल ‘ओपस’ प्रकारची असते. ती तशीच ठेवा, एमपीथ्री करायचीच तर वेगळी करा. नावात तारीख आणि दोन शब्द घाला, नाहीतर वर्षभराने ‘छत्री हरवली’ शोधायला शंभर निरोप ऐकावे लागतील. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा उघडून बघा.

आणि कुटुंबाला फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ते आकसतात आणि कधी काढले ती नोंदही गळते.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नाहीत.

ओढू नका. आधी प्रत्येक अख्ख्या पानाचा फोटो काढा, म्हणजे क्रम आणि बाजूला लिहिलेलं राहतं. मग दात साफ करायचा, मेण नसलेला धागा फोटोच्या एका कोपऱ्यामागे सरकवून करवतीसारखा हळूहळू चालवा. पाणी नको, गरम हवाही नको. अडलं तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटोही काचेसकटच स्कॅन करायचा, सोडवायला गेलं की चेहरा काचेवर राहतो.

स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. ४ बाय ६ इंचांचा फोटो त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. पासपोर्ट आकाराला १२०० ठेवा. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. हललेले फोटो बाद करू नका. हसणारं माणूस स्थिर बसत नाही, त्यामुळे तिचं मोकळं हसू बहुधा अशाच फोटोंत असतं.

एकच किस्सा मामा एक सांगतो, मावशी दुसराच. खरा कोणता धरायचा?

दोन्ही लिहा, प्रत्येकाखाली सांगणाऱ्याचं नाव आणि सांगितल्याची तारीख टाका. दोन्हींची सरमिसळ करून तिसरा बनवू नका, तो कुणाचाच नसतो.

आधी एकेकट्याला गाठा, एकत्र नंतर बसवा. एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाच्या माणसाची आवृत्ती सगळ्यांची होते. एका बैठकीला पाऊण तास पुरे. ‘आजी कशी होती?’ विचारलं की ‘फार चांगली’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारा: हसताना आवाज यायचा की नुसतीच हलायची? नक्कल कुणाची करायची? कुणासमोर थट्टा बंद व्हायची? (हा शेवटचा प्रश्न विचाराच. पुष्कळ काही बाहेर येतं.) उत्तर संपल्यावर पाचेक सेकंद बोलू नका, पुढचं वाक्य बहुधा जास्त मोलाचं निघतं. सन विचारू नका, ‘तेव्हा तू कितवीत होतीस?’ असं विचारा. माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं जास्त आठवतं. त्यामुळे मोठ्या मावशीकडे तरुण आजी मिळेल आणि धाकट्या नातवाकडे शेवटची.

माझा पाच वर्षांचा मुलगा विचारतो, पणजी परत कधी येणार? ती त्याच्याशी सापशिडी खेळायची. साप चावला तर त्याच्या शेपटीला गुदगुल्या करून वर यायचं, असा तिचा नियम. आता तो डाव काढावा की लपवावा?

उत्तर सरळ द्या: पणजी वारली, तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही. ‘झोपली’ म्हटलं तर मूल झोपेला घाबरतं, ‘गावाला गेली’ म्हटलं तर वाट बघतं. मरण कायमचं असतं हे या वयात पक्कं कळलेलं नसतं, म्हणून तो पुन्हा विचारेल. दर वेळी तेच शब्द वापरा. रडता रडता मध्येच खेळायला पळाला तरी काळजी नको, मुलांचं दुःख तुकड्या-तुकड्यांनी येतं.

डाव काढा. तिचे सगळे नियम त्याच्याकडून वदवून घेऊन पटाच्या मागच्या बाजूला लिहा. गुदगुल्यांचाही लिहा, आणि किती वेळा केल्या की साप सोडतो, तेही.