बाकावर बसलेल्या गोलकीपरला

अरे, संघात नाव आलं नाही म्हणून हातमोजे विकायला काढू नकोस. सेनेगलचा गोलकीपर एदुआर मेंदी बघ. 2014 मध्ये फ्रान्सच्या शेरबूर क्लबशी करार संपला आणि गडी वर्षभर घरी. बेरोजगार म्हणून नावही नोंदवलं, पण ल हाव्रला सराव चालूच. मग मार्सेचा राखीव संघ, रँस, रेन असे फ्रेंच क्लब, आणि 2021 ला इंग्लंडच्या चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग! 2022 च्या आफ्रिका चषक फायनलला इजिप्तविरुद्ध शूटआउटमध्ये त्याने अडवलेली पेनल्टी बघच, चार वेळा बघ. तू मात्र शिट्टी वाजताच आडवा पडतोस, बाबा. मारणाऱ्याचा टेकलेला पाय कुठे वळतो ते बघ, मग झेप घे. आणि हो, हातमोजे धुऊन सावलीतच वाळव. उन्हात फोम कडक होतो.