तुमचे प्रश्न : पांढरा रस्सा फुटतो, कट खाली बसतो

पांढरा रस्सा दरवेळी फुटतो. वर तेलाचा तवंग, खाली रवाळ चोथा. नारळाचे दूध घरीच काढते. काय चुकते? (सोलापूर)

बहुतेक वेळा आच. नारळाचे दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेल. त्याला धरून ठेवणारी प्रथिने खळखळत्या उकळीने आकसतात आणि तेल सुटते. म्हणून दूध सगळ्यात शेवटी घालायचे.

अर्धा किलो मटणाच्या लिटरभर अळणी पाण्याला, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याला, दीड ते दोन वाट्या घट्ट दूध पुरते. वाटणासाठी 10-12 काजू, एकेक चमचा खसखस आणि पांढरे तीळ कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि गंधासारखे बारीक वाटा. खसखस अर्धवट वाटली गेली की रस्सा रवाळ लागतो आणि दोष बिचाऱ्या नारळावर जातो. तुमच्या चोथ्यात याचाही वाटा असणार.

तुपात 3 लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, 2 वेलदोडे, 6-7 मिरी आणि मधे चिरलेल्या 2 मिरच्या तडतडू द्या. त्यावर वाटण मंद आचेवर 3-4 मिनिटे परता, पण त्याला तांबूस रंग चढू देऊ नका. मग अळणी पाणी घालून 5 मिनिटे उकळा. आता आच अगदी बारीक करा. दुधात पळीभर गरम रस्सा मिसळून ते कोमट करा, मग धार धरून ओता आणि ढवळत राहा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. झाकण ठेवू नका, आतल्या आत उकळी येते. लिंबू ताटात पिळा, पातेल्यात नको. या रश्शासाठी मटण शिजवताना हळद टाळा.

फुटलाच तर खडा मसाला काढा, रस्सा कोमट होऊ द्या आणि चमचाभर काजूच्या पेस्टबरोबर मिक्सरमधून फिरवा. दिसायला सुधारेल, चव मात्र थोडी जड होईल.

अळणी पाणी पांचट होते. लहान मुलांना प्यायला द्यायचे असते. (पुणे)

हाडे कमी आणि पाणी जास्त, एवढेच. नुसते मांडीचे मऊ तुकडे आणू नका. अर्ध्या किलोत निम्मे तरी नळी, मान आणि चापा असे हाडाचे तुकडे मागा. तेलावर कांदा, आले-लसूण, मटण आणि मीठ परता, वर पाण्याचे ताट ठेवा. मटणाला सुटलेले पाणी आटत आले की ताटातले गरम पाणी घाला. उघड्या पातेल्यात दीड लिटर पाणी दीड-दोन तासांत आटून लिटरभर उरते. कुकरमध्ये फारसे आटत नाही, म्हणून तिथे सुरुवातीलाच लिटरभर घ्या. शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बरे : पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर 20-25 मिनिटे. फ्रिजमध्ये गार झाल्यावर ते थरथरीत गोठले तर समजा, हाडांचा अर्क उतरला. वरची चरबी तेव्हा चमच्याने सहज निघते.

कटाच्या आमटीत डाळ खाली बसते, वर नुसते पाणी. (नाशिक)

थोडी बसणारच, वाढताना पळी तळापासून फिरवायची. अगदीच वेगळी होत असेल तर कटात, म्हणजे पुरणाची डाळ शिजवून उपसलेल्या पाण्यात, डाळीचा अंश कमी आहे. वाटीभर हरभरा डाळीला 5-6 वाट्या पाणी घ्या. डाळ बोटांनी सहज चिरडली जाईल इतकी शिजल्यावरच उपसा, आणि गूळ घालण्याआधी त्यातली दोन डाव घोटून कटात परत घाला. चिंच आणि गूळ घालून 8-10 मिनिटे उकळल्यावर भाजलेले खोबरे-जिरे आणि गोडा मसाला मिळून येतात. दुसऱ्या दिवशी आमटी दाट झाली तर गरम पाणीच घाला.

उरलेले अळणी पाणी किती टिकते? (ठाणे)

फ्रिजमध्ये तीन दिवस. मोठे पातेले तसेच गरम आत ठेवू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच ते आंबते. उथळ भांड्यांत ओता, ती थंड पाण्याच्या परातीत ठेवून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. पुढे वापरताना मात्र खळखळून उकळा. नारळाचे दूध घातलेला रस्सा साठवू नका, तो त्याच दिवशी संपवा.