डबा परत येतो, रात्री नऊला भूक लागते

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तीन महिन्यांपासून मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू आहे. वर्गात लक्ष लागतं, बाई खूश आहेत. पण डबा जसाच्या तसा घरी येतो. वजन दीड किलो उतरलंय. रात्री झोपायच्या वेळी मात्र ‘भूक लागली’ म्हणतो. सासूबाई म्हणतात, गोळी बंदच कर.

उत्तर : ताई, डब्यावरून रोज होणारं भांडण आधी थांबवा. दुपारी गोळीचा अंमल भरात असतो, तेव्हा भूक खरोखरच मेलेली असते. पोरगं नाटक करत नाहीये. डब्यात दोन घासांचंच द्या, पण पोटाला धरणारं : शेंगदाण्याचा लाडू, तूप-गुळाची पोळी, चीज घातलेलं धिरडं. तेवढं खाल्लं तर उत्तम, नाही खाल्लं तर विषय तिथेच सोडा.

खरी संधी सकाळी असते. डॉक्टरांची हरकत नसेल तर गोळी नाश्त्यानंतर द्या आणि नाश्ता दणकून होऊ द्या. थालीपीठ-लोणी, अंडं, साईचं दूध, काहीही. बिस्किटं-चहावर भागवू नका.

संध्याकाळी अंमल उतरला की भूक परत येते. रात्री नऊची भूक ही चुकीची सवय नाही, राहिलेलं जेवण आहे. मऊ भात, मेतकूट, वर तूप. ‘ही काय खायची वेळ?’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. हे खातं सासूबाईंकडे सोपवा. नातवाला पोटभर जेवताना पाहिलं की त्यांचा गोळीवरचा राग थोडा निवळेल.

पण गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका. आठ वर्षांच्या मुलाचं दीड किलो वजन जाणं लहान गोष्ट नाही, तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. वजन-उंचीचा तक्ता भरून घ्या. डोस, गोळीची वेळ, कमी तास चालणारा प्रकार, सुट्टीच्या दिवशी खाडा, हे सगळं त्यांच्याशी बोलता येतं. काही मुलांना दुसरं औषध मानवतं.

आणि शेजारणीने सुचवलेलं भुकेचं टॉनिक दुकानातून परस्पर आणू नका. त्यातल्या बऱ्याच सिरपांत सायप्रोहेप्टाडिन नावाचं औषध असतं, त्याने पोरं पेंगतात. हवंच असेल तर तेही डॉक्टरांनाच विचारा.