एखादे काल्पनिक पात्र किंवा प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे ‘मीच’ असे वाटणे स्वाभाविक आहे का?

आपण लिहिले आहे की, एका मालिकेतील नायिका आपल्याला स्वतःचेच प्रतिबिंब वाटते. एका अभिनेत्याशीही आपण मनाने इतके बांधले गेला आहात की, त्याच्या घटस्फोटाच्या बातमीने दोन रात्री झोप लागली नाही, आणि त्याची टिंगल करणाऱ्या मैत्रिणीशी धरलेला अबोला अजून सुटलेला नाही. पस्तिशी उलटल्यावर हे शोभते का, आणि यात मनाचा काही बिघाड तर नाही ना, असा आपला प्रश्न आहे. मी मानसशास्त्राचा जाणकार नाही. बडोद्यात बँकेत नोकरी करतो. परंतु या वाटेने बरेच अंतर चालून आलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माझे बालपण दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात गेले. शाळेच्या संघात मी यष्टिरक्षक होतो आणि त्याचे मुख्य कारण माझी उंची हे होते, कारण बुटक्या मुलाला यष्टीमागे उभे करण्याची तेव्हा पद्धतच होती. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासच्या कसोटीत नरेंद्र हिरवाणी यांनी पदार्पणातच वेस्ट इंडीजचे १६ बळी घेतले, त्या सामन्यात आमच्या बडोद्याच्या किरण मोरे यांनी सहा फलंदाजांना यष्टिचीत केले आणि त्यांपैकी पाच एकाच डावात. बडोद्याचा, मराठी आडनावाचा, उंचीने बेताचा यष्टिरक्षक आणि त्याच्या नावावर जागतिक विक्रम! मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्या दिवसापासून मी त्यांचा चाहता झालो असे म्हणणे अपुरे ठरेल. मी किरण मोरे झालो. त्यांच्यासारखे ओणवे बसणे, त्यांच्यासारखी अखंड बडबड, फलंदाज चुकला की त्यांच्यासारखेच दोन्ही हात वर करून ओरडणे, हे सारे मी इतक्या निष्ठेने केले की, शाळेत मला हाक मारतानाही ‘मोरे’ म्हणत असत.

त्याची किंमत जुलै १९९० मध्ये चुकवावी लागली. लॉर्ड्सवर ग्रॅहम गूच ३६ धावांवर असताना मोरे यांच्या हातून त्यांचा झेल सुटला आणि गूच यांनी ३३३ धावा केल्या. वर्तमानपत्रात ते आले त्या दिवशी मी वर्गात शिरलो, तर मागच्या बाकावरून गुजरातीत प्रश्न आला, ‘कॅच केम छोडी दीधो?’ झेल का सोडलास, असे ते मला विचारत होते. विशेष म्हणजे मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. तो चेंडू मी पाहिलाही नव्हता, तरी तो शेवटच्या क्षणी कसा वळला असेल याची सफाई मी मधल्या सुट्टीपर्यंत देत राहिलो. दोन वर्षांनी सिडनीच्या मैदानावर जावेद मियाँदाद यांनी मोरे यांच्यासमोर बेडूकउड्या मारल्या, तेव्हा माझ्यासमोर वाड्यातल्या निम्म्या पोरांनी मारल्या, हे ओघाने आलेच.

पुढे मला रॉबर्ट सियाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाविषयी वाचायला मिळाले. अमेरिकेतील विद्यापीठांचे विद्यार्थी आपल्या फुटबॉल संघाविषयी कसे बोलतात हे त्यांनी तपासले होते, आणि संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणतात, हरला की ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे झुकतात, असे त्यांना आढळले. हे आपल्याकडच्या कोणत्याही पानाच्या टपरीवर, एकदिवसीय सामन्याच्या रात्री, काही खर्च न करता ऐकायला मिळते. मला मात्र त्यातून एक निराळी खूण सापडली. चाहत्याला पराभवाच्या वेळी ‘ते’ हा शब्द सापडतो, म्हणून तो सुखाने जेवून झोपतो. तादात्म्य पावलेल्या माणसाला नेमका तोच शब्द सापडत नाही. आपल्यालाही त्या दोन रात्री तो सापडला नसावा.

पात्रांची गोष्ट याहून वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक गुंतागुंतीचीही. महाविद्यालयात असताना एका संघनिवडीत मला डावलले गेले, निदान माझी तशी ठाम समजूत होती, आणि त्याच सुमारास मी कर्ण झालो. मराठी घरातल्या विशीतल्या मुलाने कर्ण होणे यात नवल काहीच नाही. आमच्या आठ जणांच्या कंपूत पाच कर्ण होते आणि दुर्योधन एकही नव्हता. कर्ण होण्याची सोय अशी की, आपण कमी पडलो हे मान्य करावे लागत नाही. गुण होते, पण कुळ आडवे आले, शाप आडवा आला, ऐन वेळी रथाचे चाक रुतले. माझ्या अगदी सामान्य अपयशाला त्यामुळे एकाएकी मोठे घराणे मिळाले.

माझी आत्या शाळेत मराठी शिकवत असे आणि दर चातुर्मासात महाभारताचे मराठी भाषांतर काढून बसत असे. माझे कर्णपण तिने काही महिने निमूट ऐकले. एके दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘काय रे, कवचकुंडलं देणारा तू, अर्जुनाला आव्हान देणारा तू, मग द्यूतसभेतला कर्ण कोण? तोही तूच ना?’ मला काय म्हणायचे ते कळेना, म्हणून तिने सभापर्व माझ्यापुढे ठेवले. द्रौपदीची बाजू मांडणाऱ्या विकर्णाला गप्प करणारा कर्णच आहे. तिच्याविषयी अत्यंत हीन शब्द वापरून पांडवांची आणि तिची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगणाराही तोच आहे. मी ते ऐकून-वाचून ओळखत होतो, पण माझ्या कर्णाच्या चरित्रात ते पान मी कधी शिवलेच नव्हते. आत्या एवढ्यावर थांबली नाही. उद्योगपर्वात कृष्णापाशी बोलताना, पांडवांना लागेल असे आपण जे बोललो त्याचा आज ताप होतो, अशी कबुली कर्ण देतो, तीही तिने दाखवली आणि म्हणाली, ‘सभेतलं पान फाडलंस, तर हेही फाडावं लागेल. मग उरलं काय? रुतलेलं चाक.’

मला वाटते, आपण एखादे पात्र ‘माझेच’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात त्याचे एक संक्षिप्त संस्करण तयार करतो आणि त्यात काय घेतले यापेक्षा काय गाळले यावरून आपली ओळख अधिक पटते. आपण त्या नायिकेचा सोशिकपणा, तिचा स्वाभिमान यांविषयी लिहिले आहे. ती एखाद्या भागात खोटे बोलली असेल, कुणाला वापरून घेतले असेल. ते आपल्याला आठवते का? आठवत असेल तर चिंतेचे कारण मला दिसत नाही.

येथे बडोद्याचीच एक जुनी गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १९२१ मध्ये येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर होते आणि त्यांनी अध्यक्षीय भाषणात साहित्यानंदाविषयी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. थोडक्यात सांगायचे तर, वाचक पात्राच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वतःची भूमिका सोडून देत नाही. दोन्ही भूमिका एकाच वेळी धरून ठेवता येतात आणि वाङ्मयाचा आनंद त्यातच आहे. समाधी आहे, पण ‘मी वेगळा’ हा विकल्प शिल्लक ठेवून. आपण विचारलेल्या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उत्तर हेच आहे, आणि त्यासाठी परदेशी ग्रंथ धुंडाळावे लागत नाहीत.

ही समाधी विद्वानांनाच साधते असेही नाही. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेत सीता झालेल्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये बडोद्यातून लोकसभेवर निवडून आल्या. प्रचाराच्या दिवसांत ऐन उन्हाळ्यात त्यांची मिरवणूक आमच्या भागातून गेली, तेव्हा माझी आजी ओट्यावर हात जोडून उभी राहिली आणि कळवळून म्हणाली, ‘सीतेला असं उन्हातान्हात फिरवतात!’ आजोबा वैतागून म्हणाले, ‘अगं, ती नटी आहे.’ त्यावर आजीचे उत्तर होते, ‘ते कळतं हो मला, मी काय वेडी आहे? पण पाय पोळत असतील ना तिचे.’ मत कुणाला दिले हे आजीने शेवटपर्यंत सांगितले नाही. आजोबांना ते भाबडेपण वाटले, मला मात्र आज त्यात केळकरांचा सिद्धांत जसाच्या तसा दिसतो: सीता आणि नटी या दोघी तिला एकाच वेळी दिसत होत्या आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नव्हती.

आता आपला अभिनेता. त्याच्या बाबतीत तादात्म्य हा शब्द कदाचित पुरता लागू नाही. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी एका लेखात दूरचित्रवाणीवरील निवेदक व कलाकार यांच्याशी प्रेक्षकांची जी एकतर्फी जवळीक जुळते तिचे वर्णन केले, आणि आज जिला पॅरासोशल नाते म्हणतात ती संज्ञा तेथूनच पुढे आली. पडद्यावरचा माणूस कॅमेऱ्यात रोखून पाहतो, घरगुती सुरात बोलतो, ठरलेल्या वेळी नेमाने येतो. आपल्याला तो ओळखीचा होतो, त्याला आपण होत नाही. हल्ली तर तो भ्रमणध्वनीतून स्वतःच्या स्वयंपाकघरातील नाश्ताही दाखवतो, त्यामुळे शेजाऱ्यापेक्षा तो जवळचा वाटला तर त्यात आपला दोष फारसा नाही. ती रचनाच तशी आहे. अडचण पुढे येते. पात्र लिहून झालेले असते, त्याला आता नवे काही करता येत नाही. जिवंत माणूस मात्र उद्या काय करील याचा नेम नसतो, आणि त्याच्याशी स्वतःला जोडून घेतले की त्याच्या उद्याच्या वागण्याला आपण न विचारताच जामीन राहतो. त्याचा घटस्फोट आपल्याला झोंबला तो यामुळे.

यात बिघाड आहे का, याचे उत्तर मी ‘नाही’ असेच देईन. झोप, काम किंवा पैसा यांवर महिनोन्‌महिने परिणाम होत असेल, किंवा तो अभिनेताही आपल्याला ओळखतो असे खरोखरच वाटू लागले असेल, तर मात्र तज्ज्ञांना अवश्य भेटावे. वयाचे म्हणाल, तर माझी आजी तेव्हा सत्तरीला टेकली होती. मैत्रिणीशी धरलेला अबोला मात्र सोडावा. तिने त्या अभिनेत्याची टिंगल केली होती, आपली नाही.

आत्याच्या सांगण्यावरून मी एकदा एक उद्योग केला होता, तो आपणही करून पाहावा. ज्यांना आपण ‘मी’ म्हणतो त्यांची नावे एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येकापुढे आपण त्यांच्यातले काय गाळले ते लिहायचे. माझ्या कागदावर कर्णापुढे सभापर्व आले. किरण मोरे यांच्या नावापुढची जागा बराच वेळ पेन धरून बसलो तरी रिकामीच राहिली, कारण यष्टीमागे ओणवे बसलेल्या त्या माणसापलीकडे मला त्यांच्याविषयी काहीही ठाऊक नव्हते.