दर रविवारी घरचे सगळे हॉटेलात जेवायला जातात आणि मी गेले तीन महिने हलकं खायचा प्रयत्न करतेय, जायचं बंद करू का? नुसतं सूप घेतलं तर सासूबाईंना वाईट वाटतं

बंद नका करू. हे आधीच सांगून टाकतो कारण मी ते करून बघितलंय, जवळजवळ दीड महिना मी घरच्यांबरोबर बाहेर जेवायला गेलो नाही, काहीतरी काम आहे म्हणायचो आणि घरी थांबायचो. पहिले दोन आठवडे बरं वाटलं, मग एक दिवस मुलगी म्हणाली बाबा येणार नसतील तर मी पण नाही जात, आणि वडिलांनी तर विचारणंच सोडून दिलं. वडील बोलणारे माणूस नाहीत, त्यांचं प्रेम म्हणजे सगळ्यांना एका टेबलावर बसवून खायला घालणं, तेवढंच त्यांना येतं. ते मी त्यांच्याकडून काढून घेत होतो हे मला फार उशिरा कळलं आणि अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

मग मी जायला लागलो पण तुमच्यासारखंच नुसतं सूप घेऊन बसायचो. त्यानं तर अजून बिघडलं. समोर एक माणूस रिकामा बसलाय म्हटल्यावर आईला घास उतरेना, ती सारखी विचारायची हे घे ते घे, एवढंसं घे, आणि शेवटी तिच्या समाधानासाठी मी जे खायचो ते मी स्वतः मागवलं असतं त्यापेक्षा जास्तच व्हायचं. तुमच्या सासूबाईंचं पण तेच होत असणार. तुम्ही किती खाता याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, तुम्ही त्यांच्याबरोबर जेवताय हे त्यांना दिसायला हवं असतं. म्हणून आता मी सगळ्यांसारखंच मागवतो, सगळ्यांबरोबर पहिला घास घेतो, सगळ्यांबरोबर शेवटचा घेतो, फक्त मधे सावकाश खातो आणि कमी घेतो. गेल्या वर्षभरात कुणीही मला आग्रह केलेला नाही, खरंच.

आता जास्त खाणं होतं कुठे ते बघा, कारण मला वाटायचं मुख्य जेवणात होतं आणि तसं नव्हतं. माझं सगळं जास्तीचं खाणं ऑर्डर येईपर्यंतच्या अर्ध्या तासात आणि जेवण संपल्यावरच्या अर्ध्या तासात व्हायचं. टेबलाच्या मधोमध काहीतरी तळलेलं ठेवलेलं असतं, गप्पा चालू असतात, हात आपोआप जातो, किती वेळा गेला ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही हं, माणसं सोबतीत जास्तच खातात. जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या संशोधकाने 1980 च्या दशकात लोकांना रोजच्या खाण्याची डायरी ठेवायला लावली होती, त्यात इतरांबरोबरचं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी 44 टक्के मोठं निघालं. आणि नंतरच्या अभ्यासांत दिसलं की अनोळखी लोकांपेक्षा घरचे आणि मित्र सोबत असले की हे जास्त होतं. कारण साधं आहे, आपल्या माणसांबरोबर आपण जास्त वेळ बसतो, मोकळे असतो, आणि जितका वेळ समोर अन्न तितकं ते पोटात. म्हणून मी आता मधल्या प्लेटमधून थेट खात नाही, पहिल्यांदाच दोन तुकडे स्वतःच्या प्लेटमध्ये घेतो आणि मधली प्लेट मुलांच्या बाजूला सरकवतो. ते दोन तुकडे मात्र मजेत खातो.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला सांगू का, ऑर्डर दोन हप्त्यात द्यायला लागलो त्याने. आधी आम्ही पाच जण भूक लागलेली असताना मेनू कार्ड बघायचो आणि भुकेल्या डोळ्यांनी मागवायचो, मग टेबलावर जागा उरायची नाही आणि शेवटी उरलेलं कुणीतरी संपवायचं, तो कुणीतरी म्हणजे मीच. मुलांच्या प्लेटमधलं अर्धवट उरलेलं, आईला न संपलेलं, वाया जाऊ नये म्हणून मी खात बसायचो, भूक कधीच संपलेली असायची. एकदा बायकोने सुचवलं की आधी फक्त तीन डिश मागवू, लागलं तर परत मागवू. बहुतेक वेळा परत मागवायची वेळच येत नाही. बिल कमी होतं हा वेगळा फायदा. आणि तरीही उरलं तर मी ते लगेच पार्सल करायला सांगतो, टेबलावर ठेवतच नाही, कारण समोर असलं की मी खाणार हे मला माहिती आहे. वाढप मोठी असली की माणूस जास्त खातो यावर चांगले प्रयोग झालेत, बार्बरा रोल्स यांच्या 2002 च्या एका प्रयोगात तीच डिश 500 ग्रॅमऐवजी 1000 ग्रॅम वाढली तर लोकांनी साधारण 30 टक्के जास्त कॅलरी खाल्ल्या, म्हणजे भूक तीच असून.

सूपबद्दल, ते सोडू नका, फक्त जेवण म्हणून घेऊ नका तर जेवणाआधी घ्या. याच रोल्स यांच्या 2007 च्या अभ्यासात जेवणाआधी सूप घेणाऱ्यांनी एकूण जेवण (सूप धरून) 20 टक्क्यांच्या आसपास कमी खाल्लं. पण पातळ भाज्यांचं सूप बरं का, क्रीम घातलेलं नाही.

क्रीमवरून आठवलं, हॉटेलातलं अन्न जड का असतं तर मुख्य कारण तेल आणि बटर. फॅटच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, पिठूळ पदार्थ किंवा प्रोटीन घेतलं तर एका ग्रॅमला 4, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 14 ग्रॅम, त्याच्या झाल्या 120 कॅलरी, आणि हॉटेलात चकाकी यावी म्हणून शेवटी वरून जे घालतात ते एक चमचा नसतं. त्यामुळे मी सॉस आणि ड्रेसिंग वेगळं द्यायला सांगतो, वरून बटर नको म्हणून सांगतो, आत्तापर्यंत तरी कुणी नाही म्हटलेलं नाही. सॅलडच्या बाबतीत फसू नका, त्यावर ओतलेलं ड्रेसिंग कधीकधी मुख्य डिशपेक्षा जड असतं. कोल्ड्रिंक मात्र मी पूर्ण सोडलं, 330 मिलीच्या एका कॅनमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बघितली तर दिवसभरात 2000 कॅलरी खाणाऱ्याने वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवायची. एका कॅनमध्ये दोन तृतीयांश संपली आणि पोटही भरलं नाही. हे सोडायला मला काहीच जड गेलं नाही, पाणी मागवलं की संपलं.

गोड मी खातो. पोट भरलेलं असताना गोडाला जागा कशी होते असं सगळे म्हणतात, त्याचं कारण असं की एका चवीने मन भरलं तरी वेगळ्या चवीची इच्छा शिल्लक असते, म्हणून बुफेमध्ये आपण सगळ्यात जास्त खातो (बुफेला जायचं असेल तर मी सरळ घरच्यांना दुसरं हॉटेल सुचवतो). आई आणि मी एक गोड मागवतो आणि दोन चमचे. पहिले तीनचार घास खरे चवीचे असतात, पुढचं नुसतं संपवायचं म्हणून असतं, ते आईला किंवा मुलांना जातं.

एक चूक तुम्ही करू नका, ती म्हणजे रविवारी रात्री बाहेर जायचंय म्हणून दिवसभर उपाशी राहणं. मी करायचो आणि हॉटेलात पोचेपर्यंत हात थरथरायचे, मग कसलं सावकाश आणि कसलं काय. दुपारी नेहमीसारखं जेवा, निघायच्या आधी एखादं फळ खा.

आणि सोमवारी सकाळी वजन बघू नका. माझं दीड किलो वाढलेलं दिसायचं आणि मी दोन दिवस नीट जेवायचो नाही. एक किलो चरबी साठायला साधारण 7700 जास्तीच्या कॅलरी लागतात, एका जेवणात तेवढं कुणी खात नाही. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त असतं, ते अंगात पाणी धरून ठेवतं, वाढलेलं दिसतं त्यातलं बरंचसं ते पाणी असतं आणि दोनतीन दिवसात जातं. मी आता बुधवारी किंवा गुरुवारी वजन करतो. आठवड्यात 21 जेवणं असतात त्यातलं हे एक, बाकीची 20 तुमच्या हातात आहेत.

सासूबाईंना डाएट हा शब्द सांगू नका, त्या शब्दाने मोठ्या माणसांना वाटतं आपल्या सुनेला काहीतरी कमी पडतंय किंवा आजारी आहे. माझ्या आईला मी एवढंच सांगितलं होतं की आई रात्री जड खाल्लं की मला झोप लागत नाही, आणि ते खरंच होतं. तेव्हापासून वेटर वाढायला आला की तीच सांगते, ह्याला थोडंच वाढा. तुम्ही पण पुढच्या रविवारी त्यांच्या शेजारी बसा, त्या जे मागवतील तेच मागवा आणि अर्ध त्यांना द्या.