प्रवासाची पिशवी : अंदमानला जाताना

प्रश्न : डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं सात दिवसांसाठी अंदमानला निघालो आहोत. मी, आमचे हे, ७२ वर्षांच्या सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि जमलं तर बाराटांग. समुद्र आणि जंगल दोन्ही असल्यामुळे कपड्यांचं गणित बसत नाहीये. जाऊबाई म्हणतात, थंडीचे दिवस आहेत, स्वेटर घे. सासूबाईंना सावरकरांची कोठडी बघायचीच आहे. काय काय न्यावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्वेटर घरीच राहू द्या. तिथे थंडी अशी नसतेच. डिसेंबरमध्येही दमट उकाडा असतो आणि ईशान्य मोसमी पावसाची एखादी सर येऊन जाते. आमचे हे नौदलात असताना आम्ही पोर्ट ब्लेअरला चार वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात मी जीन्स धुऊन दोरीवर टाकली. तिसऱ्या दिवशीही तिची कंबरपट्टी ओलीच होती आणि कुबट वास मारत होता. तेव्हापासून मी कपडा घेताना एकच बघते, तो रात्रीत वाळतो का. माणशी चार पातळ सिंथेटिक टीशर्ट किंवा कुर्ते, दोन सैल पँटी आणि पोहायला पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा शर्ट एवढं भरपूर झालं. मुलाला तर तो शर्ट हवाच. पाण्यात असताना पाठ भाजते ते कळत नाही, रात्री आंथरुणावर टेकली की कळतं. जाड टॉवेलऐवजी पंचे घ्या. सोबत थोडी दोरी आणि चिमटे असू द्या.

पायांकडे मात्र नीट लक्ष द्या. नीलवर लक्ष्मणपूरची नैसर्गिक कमान ओहोटीलाच बघता येते आणि तिथवर शेवाळलेल्या खडकांवरून, मेलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांवरून चालावं लागतं. हवाई चपलेवर जाऊ नका. मी एकदा गेले. टाचेला बोटभर चीर पडली आणि दमट हवेत ती भरून यायला तीन आठवडे लागले. मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल प्रत्येकाला घ्या, शिवाय जंतुनाशक मलम आणि पट्ट्या. सासूबाईंसाठी वेगळे, रोजच्या सवयीचे बूट ठेवा. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि जिने चढावेच लागतात. सकाळी लवकर जा, गुडघ्याचा पट्टा बांधा, प्रत्येक मजल्यावर थोडं थांबू द्या. त्या कोठडीपाशी त्यांना हवा तेवढा वेळ द्या, घाई करू नका.

संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात. डासासारखा आवाज नसल्यामुळे कळतही नाही, आणि खाज आठवडाभर जात नाही. आम्ही पोटऱ्यांना खोबरेल चोपडायचो आणि वाळूवर थेट न बसता चटई घ्यायचो. डासांचं मलमही ठेवा. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आणि निघण्याआधी घ्या. पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात. त्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. बेटांवर रोख पैसे जवळ हवेत. तिकिटांवर हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम असं नवं नाव दिसलं तर गोंधळू नका. दिवस लवकर मावळतो, पाचच्या सुमारास. म्हणून कार्यक्रम पहाटेपासून आखा आणि विजेरी घ्या. मगरींच्या पाट्या असतील तिथे पाण्यात उतरू नका; मुलाला हे घरूनच सांगून ठेवा.

आता बाराटांग. चुनखडीच्या गुहा आणि तिवरांतून जाणारी खाडी सुंदर आहे, पण तिकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या पोलिसांच्या ताफ्यातूनच सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. पहिल्या ताफ्यासाठी अंधारातच घर सोडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या रस्त्याचा काही भाग बंद करायला सांगितलं होतं. मी स्वतः दोनदा गेले आणि दुसऱ्यांदा परतताना मला फार लाज वाटली. माणसं आपल्या घरात असतात आणि आपण काचेतून टक लावून बघत जातो. माझं ऐकाल तर बाराटांग सोडा आणि पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडियाटापूला जा. तिथे गर्जन, पादौक अशा झाडांचं जंगल आहे, पायवाट आहे, पोपटांचे थवे असतात. छत्री नको, पातळ पोंचो घ्या. झाडीत छत्री अडकते.

मुलासाठी घरात जुनी लाल वीसची नोट सापडली तर पाकिटात ठेवा. तिच्या मागच्या बाजूला तिथलाच नारळीचा किनारा आहे. पोर्ट ब्लेअरसमोरच्या नॉर्थ बेकडे बोटीतून जाताना तो नोट समोर धरून जुळवत बसेल.

परतताना बॅग उघडून बघा. माझ्या मुलीने वाळूतून प्रवाळाचे दोन तुकडे उचलून मोज्यात लपवले होते. विमानतळावर तपासणीत ते निघाले, तिने रडत परत केले. सुटकेस मीच भरली होती आणि तो मोजा झटकून बघितला नव्हता. प्रवाळ मेलेलं असलं तरी बाहेर नेणं गुन्हा आहे. मुलाला पहिल्याच दिवशी, किनाऱ्यावर उभं करून, हे सांगा.